हे त्याचं नाही, हिचं

मन्मथ डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरला आणि तिथूनच त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्या टेबलाला एक स्क्रू कमी आहे. माहिती आहे का?"

"नव्हतं माहिती," डॉक्टर म्हणाल्या. "कुठला?"

"खिडकीकडच्या पायाचा. मी नाही काढला हां. आधीपासूनच नाही."

"मन्नू, बाहेर ये!" आईनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "लीला, वढ की त्याला. तुला कशाला आणलंय?"

मला त्यासाठीच आणलं होतं. मन्मथ माझा धाकटा भाऊ, तेव्हा तिसरीत होता, आणि त्याचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून त्यानं खाली उडी मारली होती. का, तर खालच्या पोरांनी 'मारतोस का?' म्हणून विचारलं. पोरांचं वाक्य संपायच्या आत हा खाली. हाडांच्या डॉक्टरांनी हात बसवला आणि सांगितलं की हात जुळेल, पण पोराला एकदा लातूरला काझी मॅडमना दाखवा, त्या मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत. आमच्या शाळेचे हेडमास्तर गोजमगुंडे सर, त्यांनीही अप्पांना गिरणीवर येऊन तेच सांगितलं होतं. "नागनाथ, पोरगं हुशार आहे. वाया घालवू नको. डॉक्टरला दाखव."

म्हणून मे महिन्यातल्या भर उन्हात आम्ही चौघं औशाहून एसटीनं लातूरला आलो होतो. मन्मथला धरायला मी, बोलायला आई, आणि पैसे द्यायला अप्पा.

त्या दिवशी माझंही एक काम होतं, पण ते परत गेल्यावर. शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत अप्पा आणि मी शाळेत जाऊन माझं नाव काढून आणणार होतो.

हे जरा नीट सांगायला पाहिजे. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. त्याचं बॅनर एसटी स्टँडसमोर लागतं, त्यावर सगळ्या पोरांचे फोटो असतात, आणि ते फाटेपर्यंत कुणी काढत नाही. आता शंभर टक्के निकाल लागायचा एक मार्ग म्हणजे सगळ्यांनी अभ्यास करणं. दुसरा मार्ग असा, की जे पोरगं नापास होईल अशी शंका आहे, त्याच्या बापाला नववीनंतर बोलावून घ्यायचं, चहा पाजायचा, आणि सांगायचं, "दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. घरी निवांत अभ्यास होईल." नववीत मी वर ढकलली गेले होते. अप्पांचा चहा पिऊन झाला होता.

आमच्या गल्लीतली पार्वती अशीच बाहेरून बसली होती. ती कायमची बाहेरच बसली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं आणि त्यात मी जिलेबी वाढली. मला तसं व्हायचं नव्हतं. मला शाळा आवडायची! हे कुणालाच खरं वाटायचं नाही, कारण मार्क बघून तसं वाटण्यासारखं काही नव्हतं. पण घरात एकदा ठरलं की ठरलं. आणि आठ-नऊ वर्षं सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, की मुलीला ती पटतेच: पोरगी वेंधळी आहे, मनावर घेत नाही.

मी मन्मथला टेबलाखालून ओढून काढलं आणि मांडीत दाबून बसले.

डॉक्टर काझी दिसायला कडक होत्या, पण बोलायला नाही. त्यांनी चष्मा लावला. "मी आता बरेच प्रश्न विचारणार आहे. घरात कसा असतो, तसं सांगायचं. लाजायचं नाही, वाढवूनही सांगायचं नाही. एका जागी बसला तर चुळबुळ करतो?"

"मॅडम, झोपेतसुद्धा," आई म्हणाली. "रात्री उशाकडं डोकं ठेवून झोपतो, सकाळी बघावं तर उशीवर पाय."

"गिरणीचा पट्टा थांबतो ओ," अप्पा म्हणाले. "हा थांबत नाही." आमची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे अप्पांची सगळी उदाहरणं तिथूनच येतात.

"रांगेत थांबता येतं?"

"सिद्धेश्वराच्या जत्रेत प्रसादाच्या रांगेत उभा केला, तर पुजाऱ्याच्या पायातनं आत गेला."

"दुसऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर—"

"देतो!" मन्मथ ओरडला.

डॉक्टर हसल्या. आम्ही सगळेच हसलो. त्यांनी कागदावर खुणा केल्या आणि पान उलटलं.

"आता दुसरे प्रश्न. वस्तू हरवतो? कंपास, डबा, पाण्याची बाटली?"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "नाही ओ. हा फोडतो, मोडतो, पण हरवत नाही. हे त्याचं नाही, हिचं." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिनं एका पावसाळ्यात तीन छत्र्या घालवल्या. बरं, छत्रीचं सोडा. मॅडम, ही एकदा शाळेतनं एकच चप्पल घालून घरी आली. दोन्ही हरवल्या तर समजतं. एकच चप्पल कशी हरवते, तुम्हीच सांगा!"

मी हसले. मला सवयच होती. आपल्यावर कुणी हसायच्या आधी आपण हसून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं.

"समोर बसून बोललं, तरी ऐकतच नाही असं वाटतं?"

"मन्नू? छे. त्याला तर शेजारच्या घरातलं पण ऐकू येतं," आई म्हणाली. "हे पण हिचंच. हाक मारली की 'हो' म्हणते, तोंड आपल्याकडं, डोळे आपल्याकडं, आणि दहा मिनिटांनी विचारते, 'आई, हाक मारलीस का?'"

"सांगितलेलं काम विसरतो? अर्ध्यात सोडतो?"

आता अप्पांना राहवेना. ते खुर्चीत पुढं सरकले. "मॅडम, मागच्या दिवाळीला मी जेवायला घरी गेलो, हिला गिरणीवर बसवलं. आमच्याकडं दोन चक्क्या आहेत. एक धान्याची, एक मिरची-मसाल्याची. चिंचोलकरांच्या म्हातारीचा ज्वारीचा डबा आला. हिनं ती ज्वारी ओतली कशात? मिरचीच्या चक्कीत! आदल्याच घाण्याला बेडगी कांडलेली!"

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय! म्हातारीनं भाकरी केल्या. पहिल्या घासाला म्हातारा खोकलायला लागला. म्हातारीला वाटलं, सुनेनं काहीतरी घातलं. सून म्हणाली, मी पिठाला हात लावला नाही. दोन दिवस त्या घरात कोण कुणाशी बोललं नाही. शेवटी म्हातारीनं पीठच आणून माझ्या नाकाखाली धरलं, तेव्हा कळालं!"

मन्मथ खदखदून हसत माझ्या मांडीतून घसरला. आई डोळे पुसत होती. अप्पा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि दर वेळी त्यात थोडी मिरची वाढायची. मीही हसले. पण का कुणास ठाऊक, त्या वेळी माझं लक्ष डॉक्टरांच्या पेनाकडे गेलं. ते चालत नव्हतं. त्या हसत नव्हत्या.

"साध्या चुका?" त्यांनी हळू विचारलं. "येत असून चुकणं?"

"ही गणिताच्या पेपरात पान उलटायचं विसरली," अप्पा म्हणाले. "पुढच्या बाजूची गणितं सगळी बरोबर. मागं एक पान होतं, तेच हिला माहिती नाही. सर म्हणाले, एवढा निष्काळजीपणा मी नोकरीत बघितला नाही."

"मुलाबद्दल विचारतेय मी, नागनाथराव."

"हां, हां. त्याचं नाही तसं. तो पेपर सगळ्यात आधी देऊन बाहेर येतो, तेवढंच."

"घरात आणखी कुणी असं आहे? तुमच्या लहानपणी तुम्ही?"

अप्पा खिडकीतून खाली बघत होते. खाली कुणीतरी ट्रॅक्टर लावला होता. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या खिडकीत कूलर होता. त्याच्या वाळ्यातून पाणी ठिबकून खालच्या बादलीत पडत होतं. डॉक्टर आई-अप्पांना काहीतरी समजावून सांगू लागल्या. "याला एडीएचडी म्हणतात. यात ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात..." एक थेंब पडला. तो पडला की बादलीत गोल उठायचा, आणि तो कडेला पोचायच्या आत दुसरा थेंब पडायचा. पण प्रत्येक वेळी नाही. कधी कधी पहिला गोल कडेपर्यंत सुखरूप जायचा. मी त्या गोलांच्या बाजूनं होते. बादली भरली की ती कोण उचलत असेल? लातूरमध्ये पाणी जपून वापरतात, तेव्हा झाडाला घालत असतील. पण इथं झाड कुठं दिसलं नाही. जिन्यात एक कुंडी होती, त्यात...

"...म्हणून मुलींमध्ये तो दुसरा प्रकार वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या कुणाला त्रास देत नाहीत ना."

मी बादलीतून वर आले. मधलं सगळं गेलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या.

"पुढच्या वेळी हिलाही घेऊन या," त्या म्हणाल्या.

"हिचं ठरलंय मॅडम," अप्पा उठत म्हणाले. "शाळेतनं नाव काढायलोत हिचं. आज दुपारीच जायचंय. बाहेरून बसवणार."

"तरी आणा."

"बघू," अप्पा म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. सायकलला 'बघू' होतं, सहलीला 'बघू' होतं. आईनं पिशवी उचलली. दारातल्या बाईंनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मन्मथ दारापर्यंत पोचलासुद्धा. आणि मी खुर्चीत बसून राहिले.

"लीला, ऊठ."

"मॅडम," मी म्हणाले, "मला ते परत सांगा."

"काय?"

"ते तीन प्रकार. मी ऐकलं नाही. मी ऐकत होते, पण मग मी बादलीत गेले."

आईनं कपाळाला हात लावला. "बघा! आता एवढं मघाशी—"

"आई, थांब ना!" माझा आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या पेशंटची आई दारातच थबकली. "मॅडम, परत सांगा. ह्या वेळी मी ऐकते. मी उभी राहून ऐकते." आणि मी खरंच उभी राहिले, कूलरकडे पाठ करून.

डॉक्टरांनी दारातल्या बाईंना हातानं थांबायला सांगितलं.

"काही मुलं सतत हलत असतात, उतावीळ असतात. थांबा म्हटलं की थांबता येत नाही. तो एक प्रकार. काहींचं शरीर शांत असतं, पण लक्ष जागेवर राहत नाही. घसरतं, दुसरीकडं जातं. वस्तू हरवतात, कामं निम्म्यात राहतात, येत असलेलं चुकतं. तो दुसरा. आणि काहींमध्ये दोन्ही. यात बुद्धी कमी नसते. आळसही नसतो."

"आळस नसतो?"

"नसतो."

"परत म्हणा."

"आळस नसतो, बाळ."

मी आईकडे बघितलं नाही, नाहीतर मला बोलता आलं नसतं.

"मॅडम, वर्गात काय होतं, मी सांगू? मी ठरवून बसते. आज ऐकायचंच. मुठी आवळून बसते. सर म्हणतात, एका टाकीला दोन नळ आहेत. मी म्हणते, हां, दोन नळ. मग मला वाटतं, टाकी कुणाची? एवढ्या पाण्याचं ते काय करणार? एक नळ टाकी भरतो नि दुसरा रिकामी करतो, तर दुसरा कुणी बंद का करत नाही? मी परत येते, तेव्हा सर फळा पुसत असतात. सगळ्यांनी लिहून घेतलेलं असतं. मग मी शेजारणीचं बघते, तर सर म्हणतात, कॉपी करू नको. असं रोज होतं. रोज ठरवूनसुद्धा."

"हे मला कधी का नाही सांगितलंस?" आईनं विचारलं.

"काय सांगायचं? मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं. बाकीच्या पोरी जास्त जोर लावतात आणि थांबतात. माझाच जोर कमी पडतो."

आई खाली बसली. ज्या खुर्चीवरून तिनं एवढा वेळ माझ्या चपलेची आणि छत्र्यांची गोष्ट सांगितली होती, त्याच खुर्चीवर.

"मॅडम," मी म्हणाले, "माझं नाव लिहा. शिवलीला नागनाथ बिराजदार. माझंही बघा."

डॉक्टरांनी नवा कागद काढला आणि नाव लिहिलं. "पुढच्या आठवड्यात ये. शिक्षकांशी बोलावं लागेल, काही चाचण्या घ्याव्या लागतील. आज मी काही ठरवून सांगणार नाही. दुसरंही काही कारण निघू शकतं."

"मग आज सरांना दाखवायला दोन ओळी लिहून द्या की," अप्पा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बाजूनं काहीतरी मागितलं होतं.

"नाही. तपासल्याशिवाय मी कागद देत नाही. पण तोपर्यंत जे परत फिरवता येत नाही, असं काही करू नका. एवढं सांगते."

एसटीत खिडकीजवळ मन्मथ, मग मी, मग आई. अप्पा पुढच्या सीटवर. थोडं पुढं गेल्यावर अप्पा मागं वळले. "कागद नाही. सरांना सांगायचं काय? ते म्हणतील, नागनाथ, पोरीच्या नादाला लागला."

"मी सांगते," मी म्हणाले.

"तू? सरांसमोर तुझं तोंड उघडतंय का?"

"अक्का सांगेल," मन्मथ म्हणाला. त्याचं तोंड खिडकीबाहेरच होतं. "अक्काला सगळं येतं. फक्त ती तिथं नसते."

आई हसली नाही. तिनं त्याचं डोकं आत ओढलं आणि माझा हात धरून ठेवला, औसा येईपर्यंत.

मी रस्ताभर चार मुद्दे तयार केले. एक-दोन-तीन-चार, बोटांवर. शाळेच्या फाटकात शिरताना त्यातले दोन गेले होते. कुठले गेले, हे अजूनही मला माहिती नाही.

गोजमगुंडे सर ऑफिसात एकटेच होते. सुट्टी असल्यामुळे बाकडी एकमेकांवर चढवून व्हरांड्यात ठेवलेली होती. अप्पाही त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे सरांसमोर अप्पा खुर्चीच्या कडेवर बसतात. आई नेहमीसारखी दाराबाहेर थांबली, मन्मथला धरून.

"बस, नागनाथ. झालं का लातूरचं काम? काय म्हणाल्या मॅडम?"

"चांगल्या आहेत, सर. मन्मथचं बघतो म्हणाल्या. वेळ लागेल."

"छान केलंस. मी म्हणालो नव्हतो?" सरांनी अर्ज पुढं सरकवला. माझं नाव, वर्ग, आणि 'पालकांच्या विनंतीवरून' असं आधीच लिहिलेलं होतं. त्यावर त्यांनी स्वतःचं पेन ठेवलं. "इथं सही कर. पोरीच्या भल्याचंच आहे. तिच्यावरचा ताण जाईल."

अप्पांनी पेन उचललं. टोपण काढलं.

"अप्पा, थांबा," मी म्हणाले. आणि मग सरांकडे बघून, "सर, मला नाव काढायचं नाही."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही भिंतीवरच्या नकाशानं तोंड उघडलं. त्यांच्या वर्गात दोन वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे त्यांची चूक नाही.

"सर, डॉक्टर मॅडम पुढच्या आठवड्यात मला तपासणार आहेत. माझं लक्ष घसरतं. मी आळशी नाही. तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवा. आणि..." दुसरा मुद्दा माझ्या डोळ्यांसमोरून निघालाच होता, मी तो शेपटीनं धरला. "आणि पेपर देताना सगळ्यांना सांगा, मागं पान आहे. एवढंच. त्यानं बाकीच्यांचं काही नुकसान होत नाही."

"बाळा," सर म्हणाले, आणि ते चिडले नव्हते, हे जास्त वाईट होतं. "प्रत्येकाला वाटतं, आपलं पोरगं वेगळं आहे. डॉक्टरांचा कागद आहे का?"

"अजून नाही."

"मग? आज मन्मथचं काहीतरी निघालं, म्हणून तुलाही आहे असं वाटायला लागलं. असं होतं. ताप आलेल्याजवळ बसलं की आपलंही अंग गरम वाटतं. नागनाथ, तू सही कर."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग अर्जाकडे. पेनाचं टोक कागदावर टेकलं.

तेवढ्यात आई आत आली. माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत ती त्या ऑफिसच्या आत कधी आली नव्हती. मन्मथ तिच्या हातात होता, दंडाला घट्ट धरलेला.

"सर," ती म्हणाली, "चुकलं तर माफ करा. हे पोरगं तुमच्या टाकीवरनं उडी मारतंय, म्हणून तुम्ही ह्यांना डॉक्टर सांगितला. ही पोरगी वर्गात गप बसती, म्हणून हिला दाखला?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"हिनं पण टाकीवरनं उडी मारायला पाहिजे होती का, सर?"

"वहिनी, तसं नाही. शाळेचा निकाल असतो. वर उत्तर द्यावं लागतं. निकाल खाली आला तर?"

"तर बॅनरवर माझा फोटो लावा," मी म्हणाले. हे मी एसटीत ठरवलेलं नव्हतं, ते आपलं आपणच आलं. "एकटीचा. मोठ्ठा. खाली लिहा, हिच्यामुळं खाली आला. मी स्टँडसमोरून रोज जाते, मला चालेल."

मन्मथ फिस्सकन हसला. अप्पांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते उठून उभे राहिले. सरांसमोर त्यांना सरळ उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"सर, पुढच्या आठवड्यात मी परत लातूरला जायलोय. पोरीला घेऊन. आज सही करत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर पण बघू," अप्पा म्हणाले.

मी शप्पथ सांगते, तो 'बघू' मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात भारी शब्द होता.

सरांनी अर्ज ओढून घेतला. "जबाबदारी तुमची," ते म्हणाले.

"आमचीच आहे की ओ," आई म्हणाली.

घरी गेल्यावर कळलं, की अप्पांनी सरांचं पेन स्वतःच्या खिशात घालून आणलं होतं. आईनं ते पेन बघितलं, अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाजी चिरायला बसली.

आता मी बारावीत आहे. लातूरच्या फेऱ्या अजून होतात, पूर्वीपेक्षा कमी. त्या उन्हाळ्यात चाचण्या झाल्या, सरांनाही बोलावणं गेलं, आणि दुसरा प्रकार निघाला. मन्मथचा पहिला. "एकाच घाण्याचं पीठ, दोन डब्यांत," अप्पा आता पाहुण्यांना सांगतात. डॉक्टरांनी आईला शिकवलं की मला एका वेळी एकच काम सांगायचं, आणि मला शिकवलं की अभ्यासाचे छोटे छोटे तुकडे करायचे, तुकडा संपला की उठायचं, एक चक्कर मारायची, परत बसायचं. सोपं नाही हे. काही दिवस मी चक्कर मारायला उठते आणि गिरणीपर्यंत पोचते. पण परत येते.

मला मात्र आठवतो तो दहावीचा पहिला दिवस. जूनमध्ये शाळा उघडली. मी पहिल्या बाकावर, अगदी सरांच्या टेबलासमोर बसले. गोजमगुंडे सर हजेरी घेऊ लागले. मी ठरवलं होतं, आज एक शब्द सोडायचा नाही. पहिली चार-पाच नावं मी नीट ऐकली. मग सरांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग दिसला. तो डाग कशासारखा आहे, हे मी ठरवत होते. वर्गात हसण्याचा आवाज आला.

मी वर बघितलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. सरांनी हजेरीपटावर पेन धरलं होतं. नाव पुकारून झालं होतं. आधीची दोन वर्षं अशा वेळी ते गैरहजेरीची खूण करून पुढच्या नावाकडे जायचे आणि मी वर्गात बसूनही गैरहजर व्हायचे.

त्यांनी पेन उचललं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"शिवलीला बिराजदार," त्यांनी परत म्हटलं. या वेळी सावकाश.

मी उभी राहिले. वर्ग अजून हसत होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"हजर, सर!"

"मग बस," सर म्हणाले, आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

ते नावही मी ऐकलं.